मांजराचं पोट आणि आपली म्हण

तर मला आज बोलायला विषय दिलाय मांजराचं पोट बिघडलं तर काय करावं, पण माझं खरं भांडण आहे ते त्या म्हणीशी, मांजर डोळे मिटून दूध पितं वगैरे. अहो पितं ना, पण पुढचं सगळं आपल्याला डोळे उघडे ठेवून पुसावं लागतं! (हसू नका, पुसलंय मी.)

मी काही डॉक्टर नाही बरं का, बँकेतून रिटायर झालोय. आमची आत्या इथे बडोद्यात दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहायची, तिची मांजर ठमी. एकदा ठमीला आठ दिवस जुलाब. कुणी म्हणालं दहीभात घाला, कुणी बेलाचा मुरंबा, एक गृहस्थ तर मानवी गोळीचा चतकोर घेऊनच आले, आणि आत्याचं एकच, अशक्त झालीय बिचारी, दूध वाढवा. शेवटी पिशवीत घालून रिक्षाने नेली. डॉक्टरांनी विचारलं, दूध कोण देतं? आत्या म्हणाली मी, वाटीभरच. मागोमाग शेजारीण, मी पण थोडं देते. परत आल्यावर कळलं खालचे जोशीकाकाही देत होते, म्हणजे ठमीचा तीन घरी रतीब! दूध बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी ठमी ठणठणीत. आत्या मात्र डॉक्टरांवर वर्षभर रागावलेली, मांजराला दूध नाही तर काय श्रीखंड देऊ म्हणे.

कारण साधंय. दुधातली साखर पचवणारा रस पिल्लांच्या पोटात असतो, आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांत तो कमी होतो, मग ती साखर न पचता आतड्यात पाणी ओढते आणि वायू धरतो. पाणी ठेवा, बास.

किती वाजले? पाचच मिनिटं उरली? बरं, मग भरभर सांगतो. एखादी उलटी झाली, केसांचा गोळा पडला आणि मांजर खेळतंय, तर बघत बसा. पण परत परत उलट्या, रक्त, गळून पडणं, हिरड्या कोरड्या चिकट, मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी, किंवा दिवसभर अन्नाला तोंड नाही, तर डॉक्टर. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते, त्यामुळे लंघन हा आपला उपाय तिथे नको. पिल्लू असेल तर थांबूच नका. खाणं बदलायचं तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत. कांदा-लसूण नाही, आणि पॅरासिटामॉल तर एका गोळीनेही जीव जातो.

आपल्या बडोद्याचं खास म्हणजे उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची दोरी, वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गच्चीवर गुंते पडलेले असतात ते उचला. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं, तसंच न्यायचं.

हो हो, उठतोच. बोका ट्रेमध्ये सारखा बसून कुंथतोय आणि काहीच येत नाहीये, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका, लघवी अडकलेली असू शकते, रात्र असली तरी रिक्षा बोलवा.