मांडीवरचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

27 सप्टेंबर 1946 ची संध्याकाळ. लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या विमानतळावरून एक वेगळंच दिसणारं जेट विमान उडालं. शेपटीला आडवे पंख असतात ना, ते त्याला नव्हतेच. मागे झुकलेले दोन पंख आणि एक उभं सुकाणू, एवढंच. नाव डीएच 108, पण लोक त्याला स्वॉलो म्हणत. आपण भिंगरी म्हणतो तो पक्षी. आत बसले होते जेफ्री डी हॅविलंड, वय वर्षं 36, विमान बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव आणि तिथले मुख्य चाचणी वैमानिक. व्हॅम्पायर या जेट विमानाचं पहिलं उड्डाण त्यांनीच केलं होतं. तेच व्हॅम्पायर पुढे 1948 मध्ये आपल्या वायुदलातलं पहिलं जेट म्हणून भारतात आलं.

वेगाचा जागतिक विक्रम तेव्हा ताशी 616 मैलांचा होता आणि तो होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. तो मोडण्याची ही तयारी होती. टेम्स नदीच्या मुखावर ते विमान हवेतच मोडलं. जेफ्री यांचा मृतदेह काही दिवसांनी सापडला. मान मोडलेली होती. त्यांचा धाकटा भाऊ जॉन तीन वर्षांपूर्वी अशाच एका चाचणीच्या उड्डाणात, दोन विमानांच्या टकरीत गेला होता. त्या वडिलांच्या मनाचं काय झालं असेल, ते मला बोलून दाखवता येणार नाही.

आता, विमान मोडलं का? विमान पुढे जातं तेव्हा समोरच्या हवेला त्याची वर्दी आधी पोचते आणि ती बाजूला सरकते. ही वर्दी आवाजाच्या वेगाने जाते. विमानच त्या वेगाच्या जवळ पोचलं, की हवेला सावरायला वेळ उरत नाही. ती दाटते, पंखांवर आघाताच्या लाटा तयार होतात, विमानाला उचलून धरणारा जोर पंखावर मागे सरकतो. विमान नाक खाली घालतं, नाहीतर थरथरू लागतं. हातातली स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, दगडासारखी घट्ट होते, किंवा ओढूनही काही घडत नाही. आज हे पुस्तकात वाचता येतं. तेव्हा ते वर जाऊनच कळायचं, आणि ज्याला कळायचं तो सांगायला परत येईलच असं नसायचं.

चाचणी वैमानिक मांडीवर पट्ट्याने एक छोटा पॅड बांधतो. किती उंचीवर, किती वेगाला, काय झालं, ते तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहायचं. उड्डाण हे त्या कागदासाठी असतं. जेफ्री यांचा कागद आलाच नाही. मग तो भरायला दुसऱ्या कोणीतरी त्याच जातीच्या विमानात बसायचं, आणि पहिला जिथे मेला तिथेच मुद्दाम जायचं. मला या लोकांबद्दल जो आदर वाटतो, तो इथे आहे. वेगाची नशा अनेकांना असते. पण माणूस नेमका कशाने गेला हे शोधायला थंड डोक्याने निघणारे फार थोडे.

असे एक होते ब्रिटिश नौदलाचे एरिक ब्राऊन. जेट विमान विमानवाहू जहाजावर पहिल्यांदा उतरवलं ते त्यांनी, डिसेंबर 1945 मध्ये. आयुष्यात त्यांनी 487 प्रकारची विमानं चालवली. 1949 मध्ये त्यांनी डीएच 108 हाती घेतलं. सुरुवात 35,000 फुटांवरून, मग 45,000. तिथून सूर मारताना आवाजाच्या वेगाच्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत पोचले, तरी विमान हातात राहिलं. म्हणजे उत्तर तिथे नव्हतं. मग ते खाली आले, 4,000 फुटांवर, जिथे हवा दाट असते. वेग आवाजाच्या 88 टक्के. आणि तिथे विमान एकाएकी वरखाली हिंदकळू लागलं, सेकंदाला अनेक वेळा. हनुवटी छातीवर आपटत होती, डोकं मागे फेकलं जात होतं. असं झालं तर काय करायचं, ते त्यांनी जमिनीवर आधीच घोकून ठेवलं होतं: स्टिक आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, दोन्ही हळूच मागे. हिंदकळणं थांबलं. कागद परत आला.

ब्राऊन ठेंगणे होते. जेफ्री उंच होते. त्यांचं डोकं वरच्या काचेवर आदळलं असणार, असं ब्राऊन यांचं मत होतं. आपण ठेंगणेपणामुळे वाचलो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. डीएच 108 एकूण तीनच बनली. उरलेली दोन 1950 मध्ये पडली, आणि ब्रिटिश वायुदलाचे आणखी दोन स्क्वाड्रन लीडर गेले.

वैमानिकाला विमानाबाहेर उडवणारी खुर्ची नव्हती का, असं तुम्ही विचाराल. ती तेव्हा नुकती जन्माला येत होती. जुलै 1946 मध्ये बर्नार्ड लिंच नावाच्या एका फिटरने मीटिओर नावाच्या उडत्या जेट विमानातून स्वतःला उडवून घेतलं, ती खुर्ची चालते की नाही हे पाहायला. ब्रिटनमध्ये खऱ्या संकटात ती पहिल्यांदा वापरली जो लँकेस्टर यांनी, 30 मे 1949 रोजी. त्यांचं विमानही बिनशेपटीचं होतं, आणि तेही असंच हिंदकळत होतं. ते वाचले.

अमेरिकेत हे सगळं कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या वाळवंटातल्या हवाई तळावर चाललं होतं. 14 ऑक्टोबर 1947 ला चाचणी वैमानिक चक येगर यांनी तिथे आवाजाचा वेग ओलांडला. घोड्यावरून पडून बरगड्या मोडल्या होत्या. हात पोचेना, म्हणून विमानाचं दार बंद करायला झाडूच्या दांड्याचा तुकडा जवळ ठेवला होता. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच तळावर कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स आणि त्यांचे चार सहकारी एका अवाढव्य बिनशेपटीच्या बॉम्बफेकी विमानात गेले. तळाचं आजचं नाव एडवर्ड्स.

आपल्याकडेही हे घडलं. भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट, मारुत, 17 जून 1961 रोजी बंगळुरात पहिल्यांदा उडालं ते विंग कमांडर सुरंजन दास यांच्या हातून. आराखडा जर्मनीच्या कुर्ट टांक यांचा. विमान देखणं होतं, हाताला गुणी होतं, पण इंजिनांचा जोर कमी पडत होता. आवाजाचा वेग सहज ओलांडेल म्हणून आखलेल्या विमानाला ते जमेना. जोर वाढवण्यासाठी इंजिनाच्या मागच्या झोतात आणखी इंधन जाळण्याची सोय करून पाहिली. ते सुधारलेलं विमान घेऊन दास 10 जानेवारी 1970 ला वर गेले, तेव्हा ते ग्रुप कॅप्टन होते. ते विमान पडलं आणि दास गेले. मारुतला हवं तसं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही.

बंगळुरात एचएएल या विमान बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या जुन्या विमानतळाजवळून एक रस्ता जातो, दिवसभर गाड्यांनी भरलेला. बसच्या पाटीवर, दुकानांच्या पत्त्यात त्याचं नाव असतं: सुरंजन दास रोड.

नमस्कार.