फावडं आणि गीताई

(दृश्य: धाम नदीचं पात्र, काळे खडक, पलीकडे टेकडी. पुलावरून जाणारी माणसं.)

वर्ध्याजवळचं पवनार. ही धाम नदी, आणि तिच्या काठावरची ही टेकडी.

१९३८ च्या मार्चमध्ये विनोबा भावे इथं राहायला आले. अंगात त्राण नव्हतं. प्रकृती इतकी खालावली होती की कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्या, असा गांधीजींचा आग्रह होता. विनोबांनी त्यासाठी जवळचंच ठिकाण निवडलं. जमनालाल बजाज यांचा या टेकडीवरचा बंगला रिकामा होता. नदीवरचा पूल ओलांडताना विनोबा तीनदा म्हणाले, ‘संन्यस्तं मया’. मी सोडलं. आश्रमाची व्यवस्था, कामांची काळजी, डोक्यात चाललेला विचार, सगळं सोडलं.

आणि मग त्यांनी फावडं हातात घेतलं.

(दृश्य: आश्रमाच्या शेतात खणणारे हात. माती उलटते.)

सुरुवातीला काही मिनिटंच खणायचे. दम लागायचा, थांबायचे, पुन्हा खणायचे. हळूहळू वेळ वाढत गेला आणि तब्येत सुधारत गेली. डोकं शांत करायला आलेला हा माणूस आसन घालून बसला नाही. त्याला शांतता खणताना मिळाली. पुढं जे काही घडलं, ते या गोष्टीपासून सुरू होतं असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: भरत-राम भेटीचं शिल्प. कॅमेरा सावकाश जवळ जातो. निवेदनाआधी थोडा वेळ तसाच.)

त्याच खणण्यात ही मूर्ती निघाली.

वनवासातला राम आणि अयोध्येहून आलेला भरत यांची ही भेट. पवनारच्या जमिनीत अशी शिल्पं बरीच सापडली आहेत. अभ्यासक ती वाकाटक राजांच्या काळातली मानतात, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. आश्रमाच्या भिंतींत बसवलेली ही बाकीची शिल्पंही पाहून घ्या.

पण विनोबांना या मूर्तीचं अप्रूप वेगळ्याच कारणानं वाटलं. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी तिथल्या कैद्यांपुढं गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी भरताचा दाखला दिला होता. लक्ष्मण रामाजवळ राहिला, भरत दूर राहिला. पण रामाचं काम म्हणून राज्य सांभाळणाऱ्या भरताचं मन कायम रामापाशीच होतं. राम आणि भरत यांच्या भेटीचं चित्र कुणीतरी काढावं, असंही ते तेव्हा म्हणाले होते. पुढं काही वर्षांनी त्यांच्याच खणण्यात हे शिल्प वर आलं.

हे शिल्प इतका वेळ दाखवायचं कारण भरत आहे. देव भेटावा म्हणून त्यानं गाव सोडलं नाही. गावाचा कारभार हीच त्याची पूजा झाली.

(दृश्य: पवनारहून सुरगावकडे जाणारा रस्ता. पहाट. दुतर्फा कपाशी.)

आता हा रस्ता. तो सुरगावला जातो.

तुरुंगातून सुटून आल्यावर, १९४६ मध्ये, विनोबांनी एक काम धरलं. रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकायचं, पवनारहून चालत सुरगावला जायचं आणि गावाबाहेर उघड्यावर पडलेला मैला उचलायचा. भाषण करायचं नाही, सभा घ्यायची नाही. काम झालं की परत फिरायचं.

हे त्यांच्या घरात नवं नव्हतं. साबरमतीच्या आश्रमात त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा यांनी सफाई कामगाराच्या लहान मुलाला मैल्याची बादली उचलताना पाहिलं होतं आणि ते त्याच्या मदतीला धावले होते. ब्राह्मणाच्या मुलानं हे काम करावं का, यावर आश्रमातही कुजबुज झाली. गांधीजींनी आणि विनोबांनी बाळकोबांना उचलून धरलं. आपल्या समाजानं हे काम काही जातींच्या माथी मारलं आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरवलं. एका माणसाच्या फावड्यानं ती उतरंड मोडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण आपली घाण उचलायला दुसरा कुणी आहे या समजुतीवर आपलं सोवळं उभं होतं, आणि ती समजूत आधी स्वतःच्या मनातून खणून काढावी लागते. ध्यानाला बसून ती निघाली नसती. सुरगावच्या वाटेवर निघाली.

(दृश्य: पावसाळी ओढा, गढूळ पाणी.)

पावसाळ्यातल्या एका दिवसाची आठवण विनोबांनीच सांगितली आहे. वाटेत पाणी भरलेलं, पलीकडं जाता येईना. त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं की, देवळातल्या देवाला जाऊन सांग, गावाचा सफाईवाला आला होता. मग ते परत फिरले. गावकऱ्यांना निरोप द्यावा असं त्यांच्या मनात आलं नाही. हजेरी लावायची होती ती देवाकडं.

या कामाला वीस वर्षं द्यायची त्यांची तयारी होती. आज अंगणात खेळणारी मुलं मोठी होतील, तेव्हा गाव बदलेल, असा हिशेब. गांधीजींची हत्या झाली आणि विनोबांना बाहेर पडावं लागलं. सुरगावचा रोजचा फेरा तिथं थांबला.

(दृश्य: आश्रमातली विहीर. तिच्याभोवतीची वाट.)

पवनारला परतल्यावर त्यांनी आणखी एक प्रयोग मांडला, कांचनमुक्तीचा. पैशाचं दान घ्यायचं नाही. धान्य स्वतः पिकवायचं, कापड स्वतः विणायचं. शेती बैलांशिवाय, हातांनी. विहिरीचा रहाटसुद्धा माणसांनीच ढकलायचा, आणि ढकलताना गीताई म्हणायची.

गीताई म्हणजे विनोबांनी १९३०-३१ मध्ये मराठीत आणलेली गीता. आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नव्हती. मराठीत सोपी गीता हवी, तूच का करत नाहीस, असं त्या म्हणाल्या होत्या. आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मुलानं ते पुरं केलं. वर्ध्याला गोपुरीत गीताईचं हे मंदिर आहे. मूर्ती नाही, छप्पर नाही. उभ्या शिळांवर अठरा अध्याय कोरलेले आहेत.

(दृश्य: शिळांवरून हात फिरवत वाचणारी शाळकरी मुलगी.)

पवनारला मात्र ही गीताई रहाटाच्या फेऱ्यांवर चालायची. श्लोक पुढं जात आणि पाणी वर येत होतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पदयात्रा, धुळीचा रस्ता, गर्दी.)

१९५१ च्या मार्चमध्ये इथूनच ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला चालत निघाले. तिथून पुढं तेलंगणात. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. सभेतून रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर द्यायला तयार झाले. भूदान सुरू झालं. तेरा वर्षं चालणं, देशभर. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचं दान जाहीर झालं. त्यातली बरीच कसण्याजोगी नव्हती, बरीच कधी वाटलीच गेली नाही.

(दृश्य: ब्रह्मविद्या मंदिर. भगिनी सूत कातताना, भाजी निवडताना, अंगण झाडताना.)

ते चालत असतानाच, १९५९ मध्ये, या टेकडीवर ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, स्त्रियांसाठी. आपल्याकडं ब्रह्मविद्येची दारं बाईला बंद ठेवली गेली. मीराबाई, मुक्ताबाई, जनाबाई या एकेकट्या आपल्या बळावर पोचल्या. विनोबांना एकेकटीची नव्हे, मिळून केलेली साधना हवी होती. निरनिराळ्या प्रांतांतून मुली आल्या आणि इथंच राहिल्या.

पहाटे ईशावास्य उपनिषद, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणं. मधला वेळ शेत, गोठा, स्वयंपाक, सूत. नोकर नाहीत. विळीवर भाजी चिरणाऱ्या या ताई उपनिषदावर बोलतात, आणि बोलताना हात थांबत नाही.

(दृश्य: भगिनी गोल करून बसलेल्या. आवाज नाही, फक्त चेहरे.)

इथं प्रमुख कुणी नाही. निर्णय सर्वसंमतीनं होतो. एकीचं जरी मन मानत नसेल तरी निर्णय थांबतो. ऐकायला हे सोपं वाटतं. मतदानात हरलेल्याला गप्प बसावं लागतं. इथं जिंकणाऱ्यांना थांबावं लागतं. आपलं म्हणणं बरोबर आहे अशी खात्री असतानाही थांबायचं, समोरचीचं पुन्हा ऐकायचं, राग आला तर तो कुठून आला ते बघायचं. अहंकार कमी झाला की नाही, याची इथल्याइतकी कडक परीक्षा ध्यानाच्या खोलीत होत नाही.

(दृश्य: गडचिरोली. जंगल, बांबू, मेंढा गावची पाटी, ग्रामसभा.)

आणि हीच रीत आम्हाला गडचिरोलीत दिसली, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात. इथंही ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनं होतो. ‘दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. ती देणारे देवाजी तोफा, आणि विनोबांचा विचार घेऊन या गावाबरोबर बसलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी एक गोष्ट नेटानं धरली. निर्णयाआधी अभ्यास. गावानं अभ्यासगट केले. जंगलाचा कायदा, बांबूचा व्यवहार, पाणी, जे कळत नाही ते आधी एकत्र बसून समजून घ्यायचं. निर्णय अभ्यासगट घेत नाही, तो ग्रामसभेचा. घाई नाही. बायका बोलतात, म्हातारे बोलतात, कुणाचं नाही पटलं तर विषय पुढच्या सभेत.

२००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये गाव ग्रामदानी झालं. जमीन ग्रामसभेच्या नावावर, कसणारे कसतात, आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी.

(दृश्य: सभा चालू. एक बाई उठून बोलू लागते. बाकीचे तिच्याकडं वळतात.)

आम्ही चित्रीकरण करत होतो त्या सभेतही एक विषय अडला होता. या बाईंना तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं ऐकून झाल्यावर विषय पुढच्या सभेवर गेला.