कवडी कुणाला द्यायची?

आमच्या या फिल्ममधल्या टेबलावर काय काय पडलंय बघा. वीस बाजूंचे फासे, पेन्सिलीने खोडखोड केलेली कॅरेक्टर शीट्स, चौकटीच्या वहीवर काढलेला देवळाचा नकाशा, आणि मधोमध स्टीलच्या वाटीत तुळशीबागेतून आणलेल्या कवड्या. कोथरूडमधला फ्लॅट, रविवारची दुपार, बाहेर पाऊस. डंजन्स अँड ड्रॅगन्स चाललंय, म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन बोलत बोलत गोष्ट खेळायचा गेम. पाच खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे जी गोष्ट चालवते आणि राक्षसापासून सरायवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढते ती.

आता या दोघांकडे बघा. दाढीवाला तो पॅलादिन, खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलेला योद्धा. समोर बसलीये ती चोर. तिने मघाशी देवळातल्या मूर्तीचा रत्नाचा डोळा ढापला आणि त्याला ते आत्ता कळलंय. डीएम पाणी पितीये, कागद चाळतीये, मुद्दाम मध्ये पडत नाहीये. कुणी फासा टाकत नाहीये, नुसती दोन कॅरेक्टर्स बोलतायत. "शपथ तू घेतलीस, मी नाही," ती म्हणते, आणि तो कितीतरी वेळ काही बोलतच नाही, हा शॉट आम्ही अजिबात कापला नाही.

आणि मग तिसराच खेळाडू आपली कवडी उचलून तिच्यासमोर ठेवतो.

या कवडीसाठीच ही फिल्म केलीये.

हा गेम 1974 साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. मूळ वॉरगेमचं, म्हणजे टेबलावरच्या लढाईच्या खेळाचं, त्यामुळे एक्सपी, म्हणजे कॅरेक्टरची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळायचे राक्षस मारून आणि मुख्य म्हणजे खजिना बाहेर काढून, सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी. साथीदाराशी भांडलात, त्याची माफी मागितलीत, शेकोटीपाशी बसून त्याला आपल्या गावाबद्दल सांगितलंत, तर त्याचं एका नाण्याइतकंही मोल नाही. मग 2014 च्या पाचव्या आवृत्तीत इन्स्पिरेशन आलं. 2014 च्या त्या नियमात कॅरेक्टरचा स्वभाव, आदर्श, नाती, उणिवा धरून खेळलात की डीएम ते देणार, ते खर्च केलं की वीसचे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. 11 किंवा वर हवे असतील तर शक्यता 50 टक्क्यांवरून थेट 75 वर जाते, हे काही थोडंथोडकं नाही. पण देणारी डीएमच! त्यामुळे लोक डीएमकडे बघून बोलतात, शेजारच्याशी बोलणं राहूनच जातं. खरं तर आपलं इन्स्पिरेशन दुसऱ्या खेळाडूला देता येतं हे त्याच नियमात आहे, पण सहज विसरलं जातं. प्राइमटाइम अ‍ॅडव्हेंचर्स नावाच्या गेममध्ये तर खेळाडूच एकमेकांना 'फॅन मेल' नावाचं बक्षीस देतात, आणि आम्हाला तेच बरोबर वाटतं.

या ग्रुपने ते कवडीवर आणलं. सुरुवातीला प्रत्येकाला एक कवडी, ती स्वतःसाठी वापरायची नाही, दुसऱ्यालाच द्यायची. ज्याला मिळेल त्याने ती इन्स्पिरेशनसारखी वापरायची. आणि द्यायची कशासाठी, तर दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरसोबतच्या सीनसाठीच, डीएमच्या पात्राशी कितीही झकास बोललात तरी नाही. देताना चर्चा नाही, नुसती पुढे सरकवायची. उरलेल्या कवड्या शेवटी परत वाटीत, साठवायच्या नाहीत. एक्सपी का नाही दिले? कारण मग बोलके लोक पुढच्या लेव्हलला आणि लाजाळू मागे. इथे सगळ्यांची लेव्हल एकत्रच वाढते.

यातल्या दोघांनी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक केलाय, त्यामुळे कवड्या अभिनयाला जाणार अशी भीती होती. पण कोपऱ्यातल्या या मुलीकडे बघा. ती आवाज काढत नाही, "मी" सुद्धा म्हणत नाही. "माझा धनुर्धारी पॅलादिनला आपलं पांघरूण देतो," एवढंच म्हणाली. दोन कवड्या आल्या, दोन्हीकडून एकदम!

"तू मला दे, मी तुला देतो" असंही झालं मध्ये, म्हणून आता लागोपाठच्या दोन सेशनमध्ये त्याच माणसाला कवडी देता येत नाही.

पुढची लढाई पटकन आटोपली. धनुर्धाऱ्याने कवडी वापरली, फासे 4 आणि 17, पॅलादिन वाचला. डोळा अजून चोराकडेच आहे आणि पुढच्या रविवारी त्यावरूनच सुरुवात होणार, दोघांनी डीएमला आधीच सांगून ठेवलंय की पहिला सीन आमचा.