हप्ता नको, पूर्ण आकडा सांगा

नमस्कार मंडळी. आज गाडी घेण्याबद्दल बोलायचंय. म्हणजे कुठली घ्यावी ते नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शोरूममध्ये खुर्चीत बसल्यावर किमतीची जी बोलणी सुरू होतात ना, त्याबद्दल. आपण आयुष्यात तीन-चार वेळा गाडी घेतो आणि समोरचा माणूस रोज हीच बोलणी करतो, म्हणून मला मनापासून वाटतं की जायच्या आधी थोडी तयारी करूनच जावं.

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळची गोष्ट सांगते. सेल्समनने पाणी दिलं, ब्रोशर दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम महिन्याला किती हप्ता जमेल? मी आकडा सांगून टाकला. त्याने कॅल्क्युलेटरवर खटखट बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली, बरोब्बर माझाच आकडा! मला इतकं बरं वाटलं की मी किंमतच विचारली नाही. घरी येऊन कागद नीट वाचला तेव्हा कळलं की कर्ज ५ वर्षांचं नाही, ७ वर्षांचं धरलंय.

आता याने काय होतं ते बघा, हिशोब सोपा आहे. समजा १०० रुपये कर्ज घेतलं, वर्षाला १० टक्के व्याज. ५ वर्षांत फेडलं तर व्याज साधारण साडेसत्तावीस रुपये जातं आणि तेच ७ वर्षांवर नेलं तर साडेएकोणचाळीस. हप्ता मात्र पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच कमी दिसतो, आणि आपण फक्त तेवढंच बघतो. अजून एक, कुणी म्हणालं ना की व्याज फक्त ६ टक्के, तर लगेच विचारा फ्लॅट का रिड्युसिंग? कारण ५ वर्षांच्या कर्जाला ६ टक्के फ्लॅट म्हणजे खरं तर जवळपास ११ टक्के पडतं. रिड्युसिंगमध्ये व्याज फक्त उरलेल्या कर्जावर लागतं, फ्लॅटमध्ये तुम्ही फेडत आणलेल्या रकमेवरसुद्धा शेवटपर्यंत व्याज लागत राहतं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, हप्त्यावर बोलूच नका. पूर्ण आकडा मागा, गाडी दारात उभी राहीपर्यंत सगळं मिळून किती, टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, ऍक्सेसरीज सगळं धरून. टॅक्स आणि सरकारी फी यात घासाघीस होत नाही, तिथे वेळ घालवू नका. बाकी जवळजवळ सगळ्यात होते. आणि सेल्समन जेव्हा म्हणतो ना की मॅडम गाडीत आम्हाला फार काही सुटत नाही, तेव्हा तो खोटंच बोलतोय असं नाही हं, नव्या गाडीवर डीलरचं मार्जिन बऱ्याचदा कमीच असतं. त्याची कमाई होते ती कर्ज लावून दिल्याचं कमिशन, इन्शुरन्स, कोटिंग, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी आणि पुढची सर्व्हिसिंग यातून. त्यामुळे किमतीत दिलेली सूट ऍक्सेसरीजच्या पॅकेजमधून हळूच परत घेतली जाते, आणि बिलात हॅंडलिंग चार्जेस नावाची एक ओळ दिसली की नेमकं कशाचे ते विचारायचंच.

जुनी गाडी द्यायची असेल तर ते बोलणं सगळ्यात शेवटी काढा. आधीच काढलं की दोन्ही हिशोब एकमेकांत मिसळतात, जुन्या गाडीला भाव चांगला दिला म्हणून आपण खूश आणि नव्यावरची सूट तेवढीच कमी झालेली. बाहेर दोन ठिकाणी जुन्या गाडीची किंमत काढून ठेवा, आणि तिची चावी शोरूमवाल्यांकडे तासभर राहू देऊ नका, चावी त्यांच्याकडे असली की उठून जाणं अवघड होतं.

वेळेचाही फरक पडतो. डीलरला कंपनीकडून टार्गेट असतं, ते गाठलं तर बोनस मिळतो, म्हणून महिनाअखेर आणि तिमाहीअखेर सूट जरा सैल होते. शिवाय डीलर गाड्या बहुतेक कर्ज काढूनच स्टॉकमध्ये ठेवतो, म्हणजे उभ्या गाडीवर त्याला व्याज पडत असतं. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा, बरेच महिने पडून असेल तर जास्त सूट मागायला तुमच्याकडे कारण आहे.

आता जे मला फार टोचतं ते. माझ्यासोबत धाकटा भाऊ आला होता, पैसे माझे, गाडी मी चालवणार, आणि सेल्समन प्रत्येक आकडा त्याच्याकडे बघून सांगत होता. हा फक्त माझा अनुभव नाही. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी अमेरिकेत शिकागो भागात एक पाहणी केली, ती १९९५ साली छापून आली. ३०० च्या वर वेळा त्यांनी वेगवेगळ्या माणसांना शोरूममध्ये पाठवलं, सगळ्यांनी बोलायचं तेच, पाठ करून दिलेलं. तरी गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत कमी आणि बायकांना, काळ्या लोकांना जास्त. पण पुढे २००३ मध्ये दुसऱ्या संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं की जे इंटरनेटवरून भाव मागवतात त्यांच्यात वंशामुळे पडणारा हा फरक जवळजवळ उरत नाही. म्हणजे समोरच्याला चेहरा दिसायच्या आत भाव मागितला तर फायदा होतो.

दुसऱ्या गाडीच्या वेळी मी तेच केलं. तीन शोरूमना एकच मेल टाकला, हे मॉडेल, हा रंग, सगळं धरून एकच आकडा लिहून कळवा. एकाने लिहिलं की आधी या तर खरं, मग बोलू. दोघांनी आकडा दिला, मग कमी असलेला दुसऱ्याला दाखवला तर त्याने अजून थोडा उतरवला. तरी एकदा तिथे जाऊन बसावंच लागतं, आणि मग तो म्हणतो मॅनेजरला विचारून येतो आणि काचेच्या केबिनमध्ये जाऊन बराच वेळ येत नाही. तेव्हा गप्प बसा, अगदी अवघड वाटलं तरी आपणहून आकडा वाढवू नका. जमत नसेल तर नमस्कार करून उठा, संध्याकाळी फोन येतो, बऱ्याचदा येतोच. आणि बुकिंगचे पैसे भरताना रद्द केलं तर किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या.

डिलिव्हरीच्या दिवशी बिल हातात आलं, त्यात हॅंडलिंगची ओळ होतीच. मी पर्समधून त्या मेलची प्रिंट काढून टेबलावर ठेवली. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, आत जाऊन आला, पेनाने ती ओळ खोडली, बाजूला सही केली, आणि मगच मी चावी घेतली.