पेशीचं पटल काय सांभाळतं

[दृश्य: काचपट्टीवर पाण्याचा थेंब. चिमट्याच्या टोकाला जांभळा पापुद्रा.]

लाल कांद्याची एक पाकळी मोडा. बाहेरच्या रंगीत बाजूला जो पातळ पापुद्रा लोंबतो, तो चिमट्याने अलगद ओढून काढा. ५ मिलिमीटरचा तुकडा पुरे. काचपट्टीवरच्या थेंबात तो घडी न पडू देता पसरा आणि वर आच्छादन काच ठेवा. आधी तिची एक कड टेकवायची, मग सुईच्या आधाराने ती तिरकी, सावकाश खाली आणायची. वरून सरळ सोडली तर हवा अडकते. हवेचा बुडबुडा सूक्ष्मदर्शकातून जाड काळ्या कडेचा गोल दिसतो आणि पहिल्यांदा पाहणारे बरेच जण त्यालाच पेशी समजून चित्र काढतात.

आयोडीन घालू नका. शाळेत घालतात, कारण त्याने केंद्रक उठून दिसतं. पण आयोडीनने पेशी मरते, आणि पुढच्या प्रयोगाला ती जिवंत लागणार आहे.

[दृश्य: १०० पट मोठं केलेलं चित्र. जांभळ्या विटांच्या ओळी.]

विटांचं बांधकाम वाटावं अशी ही रचना. एकेक वीट साधारण पाव मिलिमीटर लांब. जांभळा रंग मधल्या मोठ्या रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीतल्या पिशवीतल्या, रसाचा आहे. पेशीद्रव्य आणि केंद्रक त्या रसाने कडेला दाबून ठेवलेलं असतं, म्हणून सहज नजरेत येत नाही.

१६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा त्याला यातल्या फक्त भिंती दिसल्या. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्या रिकाम्या कप्प्यांना त्याने खोली या अर्थाचा ‘सेल’ हा शब्द वापरला, आणि एका घनइंचात असे कप्पे किती, याचा हिशेबही मांडला: १,२५,९७,१२,०००. ताज्या वनस्पतींत रसाने भरलेले कप्पेही त्याने पाहिले होते, पण नाव रिकाम्या खोलीचं पडलं ते पडलंच.

१८३८ साली मथियास श्लायडेनने वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असं मांडलं. पुढच्याच वर्षी थिओडोर श्वानने तेच प्राण्यांबद्दल दाखवलं. सजीव एका किंवा अनेक पेशींचे बनलेले असतात, आणि रचना व कार्य या दोन्ही दृष्टींनी पेशी हाच सजीवाचा मूळ घटक, ही पेशीसिद्धांताची पहिली दोन विधानं इथून आली. तिसऱ्यावर, म्हणजे नवी पेशी कुठून येते यावर, मात्र दोघेही चुकले. साखरेच्या पाकात खडे धरावेत तशी नवी पेशी द्रवातून साकळते, असं त्यांना वाटत होतं. रॉबर्ट रेमाकने १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला वाढत्या भ्रूणांत पेशींचं विभाजन पाहून ही कल्पना नाकारली. १८५५ साली रुडॉल्फ व्हर्चोने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे सूत्र लिहिलं. पाठ्यपुस्तकांत नाव व्हर्चोचं राहिलं. निरीक्षणांचे कष्ट बरेचसे रेमाकचे होते.

[दृश्य: आच्छादन काचेच्या एका कडेला थेंब, समोरच्या कडेला टिपकागद.]

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. त्याचा एक थेंब आच्छादन काचेच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद पाणी शोषतो आणि मिठाचं पाणी आत ओढलं जातं. मिनिट-दोन मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटतो आणि आक्रसून मधोमध गोळा होतो. याला रससंकोच म्हणतात. काहीच झालं नाही तर दोन शक्यता: मिठाचं पाणी पापुद्र्यापर्यंत पोचलेलंच नाही, किंवा ओढताना पेशी आधीच फाटल्या आहेत.

भिंत जिथल्या तिथे आहे. ती सच्छिद्र असते, त्यामुळे भिंत आणि जांभळ्या गोळ्याच्या मधल्या जागेत आता मिठाचंच पाणी भरलंय. पण त्याच्या पुढे मीठ सहजी गेलं नाही. आतलं पाणी बाहेर आलं, रंग मात्र आतच राहिला. हा निवाडा करणारं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, या चित्रात वेगळं दिसतसुद्धा नाही. त्याची जाडी ७-८ नॅनोमीटर. अशी दहा हजार पटलं एकावर एक रचली तर कुठे साध्या कागदाएवढी जाडी होते.

हे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं. रेणूंची पाण्याशी जमणारी डोकी बाहेरच्या दोन्ही बाजूंना, पाणी टाळणाऱ्या शेपट्या मधे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यातून सहज आरपार जातात. सोडियम, पोटॅशियमसारख्या आयनांना मधला तेलकट भाग ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या वाटा बसवलेल्या असतात.

प्राणीपेशीला भिंत नसते, म्हणून तिचं सगळं या पटलावरच अवलंबून. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली की पाणी आत शिरून ती फुगते आणि फुटते. खूप खारट पाण्यात ती सुरकुतते. शिरेतून देतात ते सलाइन लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के असतं ते यासाठीच.

[दृश्य: पटलातल्या पंपाचं रेखाचित्र.]

हा समतोल आपोआप टिकत नाही. आपल्या पेशींच्या पटलातला एक पंप दर फेरीला ३ सोडियम आयन बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करतो. म्हणून पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतं आणि सोडियम बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरापट कमी. रक्तपुरवठा तुटला की ऑक्सिजन थांबतो, एटीपी आटतं, पंप मंदावतात. सोडियम आत साचतं, त्यामागून पाणी येतं आणि पेशी फुगते. वेळीच पुरवठा परत आला तर सावरते, नाहीतर पटल फाटतं.

[दृश्य: पेशीच्या आत. केंद्रकापासून आंतर्द्रव्यजालिकेकडे.]

आतल्या अंगकांची, म्हणजे पेशीच्या छोट्या अवयवांची, यादी पाठ करण्यापेक्षा एका प्रथिनाच्या मागे जावं. माणसाच्या पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात गुंडाळलेला असतो. त्यातल्या हव्या तेवढ्या भागाची आरएनए प्रत निघते आणि केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येते. रायबोझोम हा प्रथिनं बनवणारा कण ती वाचत अमिनो आम्लांची साखळी जोडतो. प्रथिन पेशीबाहेर पाठवायचं असेल तर साखळी तयार होत असतानाच आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पटलाच्या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्यात, ओवली जाते. पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पलाडे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींना काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन हा प्रवास टिपला. खूण आधी जालिकेत दिसली, साधारण २० मिनिटांनी प्रथिनांची बांधाबांध करणाऱ्या गॉल्जी संकुलाच्या आसपास, आणि दोनेक तासांनी बाहेर पडायला तयार असलेल्या पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या लहान पिशव्यांमध्ये.

या वाटेवर तपासणी कडक असते, कधी कधी गरजेपेक्षाही जास्त. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात क्लोराइडची वाट बनवणाऱ्या प्रथिनात १,४८० पैकी फक्त एक अमिनो आम्ल कमी असतं, ५०८ व्या जागेचं. घडी नीट बसत नाही म्हणून बहुतेक प्रथिन जालिकेतूनच मोडीत जातं. मीठपाण्याचा मेळ बिघडून फुप्फुसातला चिकट स्राव घट्ट होतो.

[दृश्य: तंतुकणिकेचा छेद, आतल्या घड्या.]

तंतुकणिकेला ‘पेशीचं ऊर्जागृह’ म्हणायची जुनी सवय आहे. त्यातून एक गैरसमज होतो. ती ऊर्जा निर्माण करत नाही, अन्नातली ऊर्जा फक्त एटीपीच्या रूपात आणते, आणि तेही पटलाच्याच जोरावर. आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. ते परत येताना एटीपी बनवणारं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) पाणचक्कीसारखं खरोखर गरगर फिरतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीद्रव्यात जेमतेम २ एटीपी मिळतात. तंतुकणिकेचं काम धरून एकूण सुमारे ३०.

पटलाला गळती लागली तर काय होतं, याचा नमुना १९३०च्या दशकात माणसांवरच दिसला. डायनायट्रोफेनॉल हे वजन घटवायचं औषध म्हणून विकलं जात होतं. त्याने प्रोटॉन चक्की टाळून पटलातून परत येतात. अन्न जळतं, एटीपी बनत नाही, सगळी उष्णता होते. वजन उतरायचं, पण काही जण अंग तापून दगावले.

पेशी मोठी का होत नाही, याचं उत्तरही पटलातच आहे. घनाची बाजू दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. आतल्या प्रत्येक भागाच्या वाट्याला पटल निम्मंच येतं. शिवाय विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, अंतर दहापट कापायला वेळ शंभरपट लागतो.

[दृश्य: विभाजित होणारी पेशी.]

म्हणून वाढलेली पेशी दुभागते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशींना एका फेरीला साधारण २४ तास लागतात. त्यातला मोठा भाग डीएनएची दुसरी प्रत काढण्यात आणि तयारीत जातो. गुणसूत्रं वेगळी होण्याचा भाग तासाभराचा. पटलाची वाटणीही याच वेळी होते. नव्या पेशीला पटल कोऱ्या पानापासून मिळत नाही. जुन्या पटलातच रेणूंची भर पडत जाते आणि तेच दोघींत वाटलं जातं. तंतुकणिकाही आधीच्या तंतुकणिकेच्या विभाजनानेच वाढतात.

[दृश्य: पुन्हा कांद्याचा पापुद्रा.]

आता त्याच पट्टीवर एका कडेने साधं पाणी सोडा आणि समोरून टिपकागदाने मीठ ओढून घ्या. दोन-तीनदा करा. बऱ्याच पेशींत जांभळा रंग पुन्हा भिंतीपर्यंत पसरेल. ज्यांना मीठ जास्त वेळ सोसावं लागलं, त्यांतल्या काहींचा रंग पाण्यात निघून जाईल आणि तो परत येणार नाही. त्यांच्या भिंती मात्र शाबूत असतील. हुकला बुचात दिसल्या होत्या तशा.