कोंडलेल्या वायूला वाट कुठली?

नमस्कार श्रोतेहो.

धुराड्यातून जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडता येतो, हे आता नवं राहिलेलं नाही. अमाइन या अमोनियासारख्या रसायनाच्या द्रावणातून धूर फिरवला की तो वायू त्यात अडकतो. खरा खर्च त्यानंतरचा. द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून वायू सोडवायचा, दाबून टाकीत भरायचा आणि मग कुठे त्याचं इंधन करायला घ्यायचं. भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखानदाराला हा हिशेब दाखवला, तर तो पहिल्याच ओळीवर मान हलवेल.

ही मधली तापवातापवी गाळता आली तर? मला या विषयात सगळ्यात जास्त आशा इथेच वाटते.

पोटॅशियमच्या अल्कधर्मी पाण्यात वायू पकडला की बायकार्बोनेट तयार होतं. ते द्रावण न तापवता, तसंच विजेच्या सेलमध्ये सोडायचं. दोन बाजूंना दोन इलेक्ट्रोड, मध्ये पातळ पडदा. वीज सुरू झाली की पडद्यात पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजनचे आयन चांदीच्या इलेक्ट्रोडकडे सरकतात. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर होते, तीच फसफस इथे होते. मात्र सुटलेला वायू तिथल्या तिथे चांदीवर दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. सोबत हायड्रोजनही निघतो. हे मिश्रण म्हणजे सिनगॅस: जाळता येतो, त्यापासून मिथेनॉल किंवा डिझेलही बनवता येतं. चांदीच्या जागी तांबं ठेवलं तर मिथेनही मिळू शकतो, पण त्याच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात. मागे राहिलेलं द्रावण पुन्हा धूर पकडायला जातं.

आता विजेचं बोलू. कार्बन मोनॉक्साइडसाठी तत्त्वतः १.३३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात तीन किंवा त्याहून जास्त लागतात. तीनच धरले, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं मानलं, तरी एक किलो कार्बन मोनॉक्साइडला पावणेसहा युनिट वीज जाते. तो जाळून परत मिळते २.८ युनिटांइतकी उष्णता. ही वीज कोळशाची असेल, तर दीड किलो कार्बन डायऑक्साइड वापरण्यासाठी आपण जवळपास पाच किलो नवा हवेत सोडू! सूर्याची किंवा वाऱ्याची वीज नसेल तर हा खटाटोप करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या या पुणे शहरात रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी म्हणूनच चांदी-तांब्यासारख्या उत्प्रेरकाकडे आणि त्या पडद्याकडे लक्ष द्यावं. सेलचा व्होल्टेज नुसता अर्ध्या व्होल्टने खाली आला, तरी किलोमागे जवळजवळ एक युनिट वाचतं.