बायकोच्या संमतीनं बायको शोधायला निघालेला प्रिन्स

श्रोतेहो, नमस्कार.

नवरा-बायकोचं पटेनासं झालं की घटस्फोट होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आज ज्या जर्मन प्रिन्सबद्दल मी बोलणार आहे, त्याचं मात्र बायकोशी उत्तम पटत होतं, आणि तरीही दोघांनी राजीखुशीनं घटस्फोट घेतला. कशासाठी? तर नवऱ्याला दुसरी, श्रीमंत बायको करता यावी म्हणून. आणि ही युक्ती कुणाची? बायकोची!

प्रिन्सचं नाव हेरमान फॉन प्युकलर-मुस्काउ. पुन्हा सांगते, प्युकलर. मुस्काउ हे त्याच्या गावाचं, जहागिरीचं नाव. नायसे नदीकाठचं हे गाव तेव्हा सॅक्सनीच्या राज्यात होतं. तिथल्या वाड्यात ३० ऑक्टोबर १७८५ रोजी हेरमान जन्मला तेव्हा त्याची आई पंधरा वर्षांची होती. पंधरा! जहागीर मूळची तिच्या माहेरची. आईवडिलांचं जमलं नाही, ते वेगळे झाले, आणि पोरगं वसतिगृहातून वसतिगृहात फिरत राहिलं. पुढे कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडला, सैन्यात गेला, कर्ज करून ठेवलं, मग पायी इटलीपर्यंत भटकून आला. १८११ मध्ये वडील वारले आणि सगळी इस्टेट याच्या हाती आली.

आता इस्टेट हाती आल्यावर माणूस काय करील? यानं बाग करायला घेतली. बाग म्हणजे वाड्यापुढची चार फुलझाडं नव्हेत. १८१५ मध्ये त्यानं गावकऱ्यांसाठी जाहीर पत्रक काढलं, की मला इथे मोठं उद्यान करायचंय, तुमच्या जमिनी मला विका. मग नदीचं पाणी वळवून कालवा आणला, तळी केली, टेकड्या उठवल्या, आणि सावली लगेच हवी म्हणून वाढलेली झाडं मुळांसकट उपटून गाड्यांवरून आणून लावली. त्याची बाग बघितली तर कुणी केलीय असं वाटतच नाही, निसर्गानंच ती तशी ठेवलीय असं वाटतं. नाहीतर आपल्याकडची नवी उद्यानं! आधी पेव्हर ब्लॉक, मग कापून कापून हत्ती केलेली झुडपं, आणि उरलेल्या हिरवळीवर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. असो. विषय प्रिन्सचा आहे.

१८१७ मध्ये त्यानं लग्न केलं. मुलगी, म्हणजे बाई, होती ल्युसी. प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचे चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधानच म्हणा, हार्डेनबर्ग यांची कन्या, घटस्फोटिता, वय एकेचाळीस. हा बत्तिशीला टेकलेला. तिच्या घरी तिची एक मुलगी आणि एक मानसकन्या, दोघी तरुण. साहेबांचं मन खरं त्या मानसकन्येवर, आणि लग्न केलं ल्युसीशी. हिशोबी होता, दुसरं काय! पण गंमत अशी, की हिशोबानं केलेल्या या लग्नातून जन्मभराची मैत्री निघाली. तो तिला ‘श्नुके’ म्हणायचा, ती त्याला ‘लू’. बागेचं वेड दोघांनाही सारखंच. ल्युसीनं तर मुस्काउत स्नानगृहं उघडली, लोक उपचाराला येतील, चार पैसे मिळतील, म्हणून.

पण चार पैशांनी काय होणार? १८२२ मध्ये त्याला प्रिन्सची पदवी मिळाली. पदवी मिळाली, पैसा नाही. सासऱ्यांकडून फार मिळेल ही आशाही फोल ठरली. उद्यान अर्धं झालेलं, सावकार दारात, आणि व्याज फेडता फेडता नाकी नऊ आलेले.

आणि इथे ल्युसीनं ती युक्ती काढली. आपण घटस्फोट घेऊ. तू इंग्लंडला जा, गडगंज बापाची एखादी लेक बघून लग्न कर, तिच्या पैशानं मुस्काउ वाचव, आणि मी इथेच जवळपास राहीन. तुमच्या-माझ्या घरात असं कुणी बोललं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा! १८२६ मध्ये रीतसर घटस्फोट झाला. त्यानंतरही काही महिने दोघं एकत्रच राहत होते. सप्टेंबरात प्रिन्स निघाला, आणि निघाल्यापासून घटस्फोटित बायकोला पत्रं लिहू लागला. लांबलचक पत्रं. आज कुठे जेवलो, कोण भेटलं, कुठली मुलगी बघितली, बाप किती देईल, सगळं तिला कळवायचा. वाटेत वायमारला थांबून जर्मनांचा महाकवी गटे याला भेटला, तेही लिहिलं.

लंडनमध्ये काय झालं? मेजवान्या झाल्या, नाच झाले, उमरावांच्या घरी पाहुणचार झाला. मुली मात्र हाती लागेनात. कारणं दोन. एक म्हणजे, पहिली बायको हयात असलेल्या घटस्फोटित माणसाचं लग्न इंग्रजांच्या चर्चला मान्य नव्हतं. आणि दुसरं, वर्तमानपत्रांना वास लागला. हा जर्मन प्रिन्स हुंड्यावर डोळा ठेवून आलाय, अशी कुजबुज सुरू झाली. मग कुठला बाप लेकीला पुढे करतोय?

पण मला विचाराल तर तिसरंही एक कारण होतं, आणि ते खरं होतं. याचं लक्षच नव्हतं! हा वधूसंशोधनाला गेलेला माणूस, आणि पत्रं बघावीत तर उद्यानांनी भरलेली. चॅट्सवर्थ बघितलं, वॉरिकचा किल्ला बघितला. तळं कुठून कसं दिसतं, झाडांचा पुंजका कुठे सोडलाय, पायवाट कशी वळवलीय, हेच सगळीकडे. अहो, त्यानं काय करावं? मुस्काउचा आपला मुख्य माळी, रेडर नावाचा, त्याला इंग्लंडला बोलावून घेतलं! बायको मिळवून कर्ज फेडायचं, म्हणून निघालेला माणूस; यानं माळी बोलावला आणि दोघं बागा बघत हिंडले.

एकदा मात्र खरोखर प्रेमात पडला. १८२८ मध्ये, आणि तेही कुणा वारसदारणीच्या नव्हे, तर हेन्रिएटे झोन्टाग या गायिकेच्या. साऱ्या युरोपानं डोक्यावर घेतलेला आवाज. तिनं नकार दिला, कारण तिचं एका काउंटशी आधीच ठरलेलं होतं. तेही यानं ल्युसीला लिहून कळवलं, आणि पुढे आपल्या बागेत त्या गायिकेचा अर्धपुतळा बसवला. ल्युसी वाचत होती, पत्रं जपून ठेवत होती. अशी पत्रं सांभाळणारी बाई घरात असली की घराण्याचा इतिहास राहतो. पुरुषांच्या हातात असतं तर रद्दीत गेलं असतं, हे माझं ठाम मत आहे.

१८२९ च्या सुरुवातीला प्रिन्स परतला. कर्ज होतं तिथेच. वधू नाही, हुंडा नाही. पण पत्रं होती! ल्युसीनं आणि स्नेह्यांनी मिळून ती छपाईसाठी नीट लावली. १८३० मध्ये पुस्तक निघालं, ‘एका मृताची पत्रं’ या नावानं, लेखकाचं नाव न घालता. गटेनं त्याचं कौतुक केलं. लेखक कोण, हे लपायचं थोडंच? लोकांनी पुस्तकावर उड्या मारल्या, इंग्रजीतही भाषांतर झालं. म्हणजे बघा, नवी बायको आणून जो पैसा मिळायचा होता, तो जुन्या बायकोला लिहिलेल्या पत्रांतून मिळाला. पुन्हा सांगते, जुन्या बायकोला लिहिलेल्या पत्रांतून! दोघांनी परत लग्न काही केलं नाही, पण घर एकच राहिलं.

यात माझा निम्म्याहून जास्त वेळ गेला, याची मला कल्पना आहे. बाकीचं भराभर सांगते.

१८३४ मध्ये त्यानं बागकामावर एक ग्रंथ काढला आणि स्वारी आफ्रिकेकडे निघाली. अल्जीरिया, इजिप्त, सुदान, मग सीरियाच्या बाजूनं परत. या प्रवासात त्यानं एक लहान मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. माखबुबा म्हणतात तिला. तो तिला युरोपात घेऊन आला, आणि १८४० च्या ऑक्टोबरात ती मुस्काउत आजारानं गेली. प्रिन्स तेव्हा जवळही नव्हता. पुष्कळ जण हे प्रेमकहाणी म्हणून सांगतात. मी सांगणार नाही. विकत घेतलेल्या पोरीला नाही म्हणायची सोय नसते.

कर्जानं शेवटी गाठलंच. १८४५ मध्ये मुस्काउ विकावं लागलं. मग साठीला आलेला हा गृहस्थ कोटबुसजवळच्या ब्रानित्स या वडिलांकडच्या गावी गेला. तिथे सपाट माळ होता. तर यानं नव्यानं बाग करायला घेतली! तळ्याच्या मधोमध मातीचा पिरॅमिड उभारला. ल्युसी १८५४ मध्ये गेली. हा ४ फेब्रुवारी १८७१ रोजी. दहन करायला तेव्हा परवानगी नव्हती, म्हणून मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की देह रसायनांत विरघळवा. त्याप्रमाणे हृदय गंधकाम्लात घातलं, आणि उरलं ते तळ्यातल्या पिरॅमिडमध्ये पुरलं. १८८४ मध्ये ल्युसीलाही तिथेच आणलं.

मूलबाळ नव्हतं. ब्रानित्स गेलं भाऊबंदाकडे, आणि कागदपत्रं गेली भाचीकडे. मुस्काउच्या बागेची मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर वाटणी झाली. नायसे नदी सरहद्द ठरली, आणि बागेचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला. २००४ मध्ये युनेस्कोनं दोन्ही काठ मिळून एकच जागतिक वारसा म्हणून घेतले. आता पुलावरून चालत चालत लोक या देशातून त्या देशात जातात, आणि झाडांच्या रांगा इकडून तिकडे तशाच चालू राहतात.

निर्माते काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत, आणि आइस्क्रीमचं राहिलंच! जर्मनीत प्युकलर म्हटलं की लोकांना बाग आठवत नाही, आइस्क्रीम आठवतं. स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, चॉकलेट, असे तीन थर, आपल्या लग्नातल्या कसाट्यासारखे. १८३९ मध्ये युंगिउस नावाच्या प्रशियाच्या दरबारी स्वयंपाक्यानं आपल्या पाककृतींच्या पुस्तकात ही कृती दिली, आणि नाव प्रिन्सचं दिलं. प्रिन्सनं त्यात काहीही केलेलं नाही. साधी बर्फाची पेटीसुद्धा हलवली नसेल.

नमस्कार.